रिश्ता ठरवताना आजारांचा शजराही पाहा

रिश्ता आला की आपल्याकडे विचारपूस सुरू होते. मुलगा काय करतो, खोली भाड्याची की स्वतःची, मुंब्र्यात राहतात की कल्याणला, मुलगी किती शिकली, नमाज-रोजा पाळते का, सासू कशी आहे, नणंदा किती. मग बिरादरीतल्या दोन-चार बुजुर्गांना गाठून खानदानाची माहिती काढली जाते. गावाकडचे घर कोणते, दादा काय करायचे, कोणाशी सोयरीक झालेली आहे, इथपर्यंत चौकशी जाते. एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारलाच तर समोरच्याला तो अपमान वाटतो. तो प्रश्न असा : तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आजार कोणता?

कल्याणच्या दूधनाक्यावर, भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यांत काही घराण्यांनी आपले शजरे अजून जपून ठेवले आहेत. सहा-सात पिढ्यांची नावे सुबक उर्दू अक्षरांत लिहिलेली असतात. आम्ही उर्दू शिकवणारे असल्यामुळे असे कागद वाचून दाखवण्यासाठी आमच्याकडे येतात. त्यात बहुधा पुरुषांचीच नावे असतात. लेकींची नसतात. आणि जी मुले दुधाच्या वयात गेली त्यांची तर नसतातच. आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने या दोन रिकाम्या जागाच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

वर्गात एखादे मूल दर तीन आठवड्यांनी दोन दिवस गैरहजर राहत असेल तर शिक्षकाच्या ते लक्षात येतेच. आमच्या शाळेत सहावीत अशी एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे, वयाच्या मानाने उंची कमी. गैरहजेरीच्या आधीच्या चार दिवसांत ती बाकावर डोके टेकवून बसायची आणि परत आली की टवटवीत दिसायची. अर्जात दर वेळी कारण एकच : ताप. वर्षभराने आईचा विश्वास बसला तेव्हा तिने सांगितले की मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, रक्त चढवायला न्यावे लागते. आणि लगेच हात जोडले, “कोणाला कळू देऊ नका. मोठीचं लग्न व्हायचंय.”

मोठीचे लग्न ठरत होते तिच्या सख्ख्या चाचाच्या मुलाशी. आता ज्या गोष्टीसाठी ही बाब लपवली जात होती, तिच्याच दृष्टीने ती उघड होणे सर्वांत जरुरीचे होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी हा आजार समजून घेऊ.

आपल्या रक्ताला लाल रंग देणारे आणि शरीरभर प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिन कसे बनवायचे, याची सूचना प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. असा माणूस आजारी नसतो. हिमोग्लोबिन थोडे कमी असते इतकेच. तो नोकरी करतो, रोजे ठेवतो, म्हातारा होतो, आणि आपल्यात काही आहे हे त्याला कधी कळतही नाही. याला थॅलेसेमिया मायनर किंवा वाहक म्हणतात. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ शक्यता अशी असते की बाळाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळेल. ते बाळ थॅलेसेमिया मेजर. जन्मताच काही दिसत नाही, कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते काही महिने पुरते. सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान बाळ पांढरे पडू लागते, दूध तोडते, पोट फुगते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि तेही जन्मभर.

या ‘४ पैकी १’चा अर्थ लोक फार चुकीचा लावतात. पहिले मूल आजारी झाले म्हणजे आपला वाटा संपला, पुढची तिन्ही चांगली होतील, असे समजून पाळणा पुन्हा हलतो. वर्गात आम्ही हे लुडोच्या फाशाने शिकवतो. फाशाला आठवण नसते. मागच्या वेळी सहा पडले म्हणून या वेळी सहा पडणार नाहीत असे नाही. प्रत्येक गरोदरपण नवा फासा असतो.

आता त्या मोठ्या बहिणीचा हिशोब मांडू. धाकटीला मेजर आहे, म्हणजे आई आणि बाप दोघेही नक्की वाहक. मेजर असलेल्या मुलाची निरोगी सख्खी भावंडे वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २. बाप वाहक, म्हणून त्याचा भाऊ, म्हणजे चाचा, वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि चाचाच्या मुलाची त्याच्या निम्मी, म्हणजे ४ पैकी १. दोघेही वाहक निघाले तर बाळाला ४ पैकी १. हे सारे गुणले तर तपासणी न करता झालेल्या या लग्नात आजारी मूल होण्याची शक्यता दर गरोदरपणात २४ पैकी १ येते. एका साध्या रक्ततपासणीने या २४ पैकी १ चे दोनच निकाल निघू शकतात. एक तर शून्य, नाही तर ४ पैकी १. यातले कोणते, हे मंगनीआधी कळलेले बरे की पहिल्या बाळाच्या सहाव्या महिन्यात?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरच्या तंगीपुरती ठीक आहे. इथे झाकल्या मुठीची किंमत तिसरेच कोणी मोजते, आणि ते अजून जन्मलेलेही नसते.

असा आजार आमच्या खानदानात नव्हताच, असे पुष्कळ लोक शपथेवर सांगतात. आम्हाला त्यांच्या खरेपणाबद्दल शंका नाही, त्यांच्या माहितीबद्दल आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ, नानी असो वा दादी, निवांत बसावे आणि विचारावे की तुमची एकूण बाळंतपणे किती झाली आणि मुले किती जगली. मग ऐकू येते की एक मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला, गोरापान होता, नजर लागली. दुसरी मुलगी अडीच वर्षांची होती, पोट हे एवढे झाले होते, अंग मेणासारखे पिवळे, पीर-फकीर सगळे केले. तिसरा ‘सूज येऊन’ गेला. ज्या काळात गावात रक्तपेढी नव्हती त्या काळात थॅलेसेमियाचे मूल याच रीतीने जात असे. फुगलेले पोट म्हणजे वाढलेली पाणथरी. मेणासारखा रंग म्हणजे संपत आलेले रक्त. असे प्रत्येक मूल थॅलेसेमियाचेच होते असे नाही. हगवण, हिवताप, न्यूमोनिया यांनीही पाळणे रिकामे केलेच. पण एकाच घरात दोन-तीन मुले त्याच वयात, तशीच गेली असतील तर ती नजर नव्हे, निशाणी आहे. शजऱ्यात या मुलांना जागा मिळाली नाही, म्हणून नातवंडांना काही कळले नाही.

यावर लगेच दुसऱ्या टोकाचा आवाज उठतो : हे सगळे तुम्ही नात्यात लग्ने करता म्हणून. हा टोमणा लोकलच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, कधी शिक्षकांच्या खोलीतही ऐकावा लागतो. त्याला उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कल्याणच्या पुढचे स्टेशन विठ्ठलवाडी, त्यापुढचे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत वसवले गेले आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी हिंदू कुटुंबांत सख्ख्या चुलत-मावस भावंडांची लग्ने होत नाहीत. तरीही थॅलेसेमियाचे वाहक सिंधी समाजात देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आढळतात. कारण लग्न नात्यात नसले तरी समाजातच होते, आणि सदोष प्रत त्या समाजाच्या रक्तात शेकडो वर्षांपासून फिरते आहे. कच्छी भानुशाली, लोहाणा, आणि आपल्यातले मेमन, यांचीही गोष्ट साधारण तशीच. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे राज्य होते तिथे ही प्रत टिकून राहिली, कारण एक सदोष प्रत असलेल्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. भारतात साधारण १०० माणसांत ३ ते ४ वाहक आहेत आणि ते सर्व धर्मांत आहेत.

नात्यातल्या लग्नाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ११ टक्के विवाहित स्त्रियांचे लग्न रक्ताच्या नात्यात झालेले आढळले. तामिळनाडू आणि कर्नाटकात हे प्रमाण पावशतकाहून अधिक आहे, आणि तिथे ते मुख्यतः हिंदू कुटुंबांत आहे. महाराष्ट्रातही मामेबहिणीशी लग्न ही अनेक जातींची जुनी रीत.

तेव्हा टोमणा खोटा आहे. पण टोमणा खोटा म्हणून हिशोब खोटा होत नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत सख्ख्या चुलत-मावस भावंडांची लग्ने पुष्कळ. अशा जोडप्यांत जन्मजात दोष असलेले बाळ होण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे दुप्पट. आणि म्हणजेच १०० पैकी ९४ बाळांत दोष नव्हता, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. ज्यांना जे ऐकायचे असते ते तेवढाच अर्धा आकडा सांगतात. आमचे मत विचाराल तर ज्या घराण्यात कोणताही पिढीजात आजार दिसलेला आहे तिथे पुन्हा त्याच घराण्यात मुलगी देऊ-घेऊ नये, निदान तपासल्याशिवाय नये. बाकीच्यांनी या एका कारणाने चांगला रिश्ता मोडण्याची गरज नाही.

दीनच्या बाजूने पाहता, सूरह निसाच्या तेविसाव्या आयतीत ज्यांच्याशी निकाह हराम आहे अशा नात्यांची यादी आली आहे आणि त्यात चुलत, मामे, मावस, आते भावंडे नाहीत. म्हणजे परवानगी आहे. परवानगी म्हणजे हुकूम नव्हे. आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जवळच्या नात्यात लग्न करू नका, संतती दुबळी होते, अशा आशयाचे एक वचन हदीस म्हणून मोबाइलवर फिरत असते. इब्ने सलाह यांच्यासारख्या हदीसशास्त्राच्या जाणकारांनी त्याला आधार सापडत नाही असे शतकांपूर्वीच लिहून ठेवले आहे. आपला मुद्दा कितीही चांगला असो, तो प्रेषितांच्या (स.) नावावर खपवू नये.

खऱ्या हदीसांत आपल्या विषयाला लागू पडणारे पुष्कळ आहे. सहीह बुखारीत एका बदूची हकिकत आली आहे. त्याच्या बायकोला सावळा मुलगा झाला आणि त्याच्या मनात संशय शिरला. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांचा रंग विचारला. तो म्हणाला, लाल. त्यांत एखादा राखाडी आहे का? आहे. तो कुठून आला? बदू म्हणाला, मागच्या एखाद्या पिढीचा रंग उतरला असेल. मग तुझ्या मुलातही तसाच उतरला असेल, असे त्याला समजावण्यात आले. आई-बापांत न दिसणारी गोष्ट मागच्या पिढ्यांतून मुलात उतरू शकते आणि तिचे खापर बायकोवर फोडायचे नाही, हे दोन्ही धडे या एका प्रसंगात आहेत. थॅलेसेमियाचे मूल झाले की आजही आपल्याकडे सून ‘खराब रक्ताची’ ठरते. तलाक झाल्याची, दुसरा निकाह केल्याची उदाहरणे मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. बापाची सदोष प्रत नसती तर ते मूल मेजर झालेच नसते, हे सासूला कोणी समजावून सांगत नाही.

ऐब झाकण्याचा मुद्दा राहिला. आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे की दुसऱ्याच्या ऐबावर परदा टाकावा, आणि ते योग्यच आहे. पण लग्नाचा सल्ला हा त्याला अपवाद आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोन मागण्या आल्या, मुआविया आणि अबू जहम यांच्या. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले तेव्हा प्रेषितांनी दोघांच्याही उणिवा स्पष्ट सांगितल्या आणि उसामा (रजि.) यांचे नाव सुचवले. अन्सारी स्त्रीशी निकाह करू इच्छिणाऱ्या एकालाही आधी पाहून घे, अन्सारांच्या डोळ्यांत काही असते, असे सुचवले गेले. या दोन्ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहेत. इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये जिथे दुसऱ्याबद्दल बोलणे गीबत ठरत नाही अशा जागा मोजल्या आहेत, त्यांत लग्नाची विचारपूस येते. तेव्हा समोरच्याने विचारले तर खरे सांगणे हे बदनामी नव्हे.

कुटुंबाचा इतिहास इतका उपयोगी का, याचा एक चांगला दाखला शेजारच्या देशातून मिळतो. पाकिस्तानात डॉ. सुहैब अहमद आणि सहकाऱ्यांनी १५ मोठ्या कुटुंबांची तपासणी केली. त्यांपैकी १० कुटुंबांत हिमोग्लोबिनच्या आजाराचे मूल होते, ५ कुटुंबांत नव्हते. आजारी मूल असलेल्या कुटुंबांतील ५९१ नातेवाइकांपैकी १८३ वाहक निघाले, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. दुसऱ्या ५ कुटुंबांतील ३९७ जणांत एकही नाही. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. साऱ्या शहराला तपासण्याइतका पैसा नसेल तर आजारी मुलाच्या चाचा, मामू, फुफी, खाला आणि त्यांची मुले एवढ्यांना आधी तपासा, असे त्यातून दिसले. म्हणजे नात्यात लग्न करणाऱ्या समाजात वाहक नात्यातच सापडतात. ज्या नातेवाइकांपासून आपण ही गोष्ट लपवतो, त्यांनाच ती कळण्याची गरज सर्वांत जास्त.

सौदी अरेबियाने २००४ पासून निकाहपूर्वी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची केली आहे. दोघे वाहक निघाले तरी लग्नाला बंदी नाही, फक्त माहीत असून करा एवढेच. इराणमध्ये १९९७ पासून अशी तपासणी देशभर होते. आपल्याकडे सक्ती नाही. म्हणून ते काम जमातीने आणि घरच्यांनीच करायचे आहे.

कसे करावे, याबद्दल आमची एक ठाम सूचना आहे : आधी मुलाची तपासणी करा. आपल्याकडे तपासणी म्हटली की मुलीची, हे गृहीत असते. अहवाल बाहेर फुटला तर तिला ‘ऐबवाली’ म्हणतात आणि तिच्या धाकट्या बहिणींचेही रिश्ते अडतात. वास्तविक दोघांपैकी एक जरी साफ असला तरी थॅलेसेमिया मेजरचे मूल होत नाही. मग सुरुवात ज्याला समाज कमी बोलतो त्याच्यापासून का करू नये? मुलाचा अहवाल साफ आला तर विषय तिथेच मिटला, मुलीला सुई टोचायची गरज नाही. तो वाहक निघाला तर मुलीची करावी. वर सांगितलेल्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत तेच झाले. चाचा समजूतदार निघाले, मुलाला घेऊन गेले, अहवाल साफ आला आणि लग्न ठरल्या तारखेला पार पडले. मोठी स्वतः वाहक आहे की नाही हे तिने पहिल्या गरोदरपणात तपासून घेतले, पुढे तिच्या मुलांच्या रिश्त्याच्या वेळी ते लागेल म्हणून.

तपासणी दोन पायऱ्यांची. पहिली सीबीसी, जी मुंब्रा-कौशापासून डोंबिवलीपर्यंत कोणत्याही गल्लीतल्या प्रयोगशाळेत होते. त्यात एमसीव्ही ८० पेक्षा आणि एमसीएच २७ पेक्षा कमी असेल तर दुसरी तपासणी करावी. तिचे नाव एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी. बहुतेक प्रयोगशाळा रक्त घेऊन मोठ्या केंद्राकडे पाठवतात. त्यात एचबीए-टू ४ टक्के किंवा अधिक आले की माणूस वाहक समजतात. साडेतीन ते चारच्या मध्ये आल्यास डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. हीच तपासणी सिकलसेलही दाखवते. अंगात लोह कमी असेल तर आकडा फसवू शकतो, म्हणून अहवाल स्वतः वाचून मोकळे होऊ नये. खर्च म्हणाल तर हॉलच्या फुलांच्या सजावटीपेक्षा कमीच. अधिक गुंतागुंत असेल तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, जी डॉक्टरांत एनआयआयएच या नावाने ओळखली जाते. १९५७ मध्ये रक्तगटांचे केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे अनेक दशकांचे काम आहे.

ही तपासणी कार्डे छापल्यावर करू नये. कॉलेजच्या वयात, कोणाचाही रिश्ता समोर नसताना, एकदाच करून अहवाल कपाटात ठेवावा. बायोडेटावर छापू नये, मशाता बाईच्या हातात देऊ नये. बोलणी पुढे सरकली की दोन्ही घरांच्या मोठ्यांनी तो एकमेकांना दाखवावा. ज्या बायकांना वर्षानुवर्षे ‘रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि तरी हिमोग्लोबिन वाढत नाही, त्यांनी तर ही तपासणी करावीच. वाहक असण्याचे ते एक नेहमीचे लक्षण आहे.

दोघेही वाहक असतील आणि तरी लग्न करायचे असेल, किंवा लग्न आधीच झालेले असेल, तर गरोदरपणाच्या ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा अगदी छोटा अंश काढून बाळाला मेजर आहे का हे कळू शकते. पुढचा निर्णय कठीण आहे आणि तो त्या नवरा-बायकोचा आहे. मक्केतील राबेता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने फेब्रुवारी १९९० च्या अधिवेशनात असे ठरवले की गर्भ १२० दिवसांचा होण्यापूर्वी, जाणत्या आणि विश्वासू डॉक्टरांच्या समितीने बाळात गंभीर व असाध्य व्यंग असल्याचे निश्चित केले तर आई-बापाच्या मागणीवरून गर्भपाताला परवानगी आहे. काही उलेमा हे मानत नाहीत. ज्यांना मार्गदर्शन हवे त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, पण दिवस मोजून विचारावे. पाचव्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर वेगळे मिळते. भारतीय कायद्याचीही मुदतीची चौकट आहे, ती डॉक्टर सांगतील.

जी मुले आज आपल्यात आहेत त्यांच्याकडे वळू. मेजर म्हणजे मृत्यूची चिठ्ठी, हा समज आता जुना झाला. वेळेवर रक्त आणि लोह उतरवण्याचे औषध मिळाले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, त्यांची लग्ने होतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि बाहेर काढण्याचा नैसर्गिक मार्ग नसतो. ते हृदयात आणि यकृतात साठते. पूर्वी त्यासाठी रात्रभर पोटाला सुई लावून पंप चालवावा लागे, आता गोळी आहे. पालक रक्त चुकवत नाहीत, गोळी चुकवतात, कारण गोळी न घेतल्याचा परिणाम उद्या दिसत नाही. सख्ख्या भावंडाचा मज्जा जुळला तर मज्जा प्रत्यारोपणाने आजार बराही होतो. भावंड जुळण्याची शक्यता पुन्हा ४ पैकी १. मुंबई महापालिकेचे यासाठीचे केंद्र बोरिवली पूर्वेला आहे, आणि कोल इंडियाच्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया आहेत. दाखला काढला तर शाळेत, परीक्षेत, सवलतींत त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे तो काढत नाहीत, कारण पुन्हा तेच : कोणाला कळेल.

थॅलेसेमियाशिवायही नानीला विचारण्यासारखे आहे. तुमच्या मामूंपैकी कोणाला हिवतापाच्या गोळीनंतर काळी लघवी होऊन कावीळ झाली होती का? झाली असेल तर जी-सिक्स-पीडीची कमतरता असू शकते. ती आईकडून मुलाकडे येते, आणि पावसाळ्यात हिवतापावर मिळणारे प्रायमाक्विन अशा मुलाला धोक्याचे ठरते. डॉक्टरला हे सांगणारे घरातच कोणी नसेल तर डॉक्टर तरी काय करील? शुगर आणि हृदयविकार यांची गोष्ट वेगळी. ते एका प्रतीने ठरत नाहीत, पण बापाला चाळिशीत झटका आला असेल तर मुलाने पस्तिशीत तपासणी सुरू करणे शहाणपणाचे. खाला आणि नानी दोघींना कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल तर टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आनुवंशिकतेचा सल्ला मिळतो. मुंब्र्याहून खारघर काही लांब नाही.

शेवटी रक्ताबद्दल. रमजानमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीत रक्तपेढ्या कोरड्या पडतात. महाराष्ट्रात थॅलेसेमियाच्या मुलांना राज्य रक्त संक्रमण परिषदेचे ओळखपत्र दाखवून रक्त विनामूल्य मिळण्याची सोय आहे, पण पिशवीच नसेल तर ओळखपत्र काय करणार? ईद-ए-मिलादला आपले तरुण मोठमोठी शिबिरे घेतात, एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात, फोटो छापून येतात. लाल पेशी मात्र फार तर ४२ दिवस टिकतात आणि या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतले ताजे रक्त द्यावे लागते. म्हणून राबोडी, मुंब्रा, भिवंडी, कल्याण येथील मंडळांनी वर्षातून एका मोठ्या शिबिराऐवजी मोहल्ले वाटून घेऊन दर पंधरवड्याला वीस-पंचवीस जण पाठवण्याची पाळी लावावी. रमजानमध्ये ती इफ्तार आणि तरावीहनंतर ठेवता येते. त्या वेळी कर्मचारी थांबतील का, हे जवळच्या रक्तपेढीला शाबान महिन्यातच विचारून घ्यावे.